पऱ्हाटीचा कोळसा : आत काय आहे ते मोजणार कोण?

(महाळुंगे, ता. मुळशी, जि. पुणे येथे कोरडवाहू जिल्ह्यांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ, अकोला, परभणी, जालना अशा कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतून रात्रभर प्रवास करून आपण इथे आलात. सकाळी गाडीतून उतरल्याबरोबर बऱ्याच जणांनी विचारले, "या गावात शेती आहे तरी कुठे?" प्रश्न रास्त आहे. महाळुंगे हे मुळा नदीच्या काठचे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी इथे बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले, पलीकडे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले. जिथे औत चालायचे तिथे आता लिफ्ट चालते.

पण याच मुळशी तालुक्यात, इथून पश्चिमेला डोंगराच्या बाजूला गेलात तर भाताचे शेतकरी भेटतील. त्यांचे बापजादे रोप टाकण्याआधी राब भाजत आले. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रोपाच्या वाफ्यावर अंथरायचे, वर बारीक मातीचा हात फिरवायचा आणि आग भडकू न देता सावकाश जळू द्यायची. राखही होते, कोळसाही होतो आणि खालची माती भाजून निघते. इंग्रजी अमदानीत जंगल खात्याचे म्हणणे असे, की हा अडाणीपणा आहे, झाडे छाटून जाळणे आहे. शेतकऱ्याचे म्हणणे असे, की राबाशिवाय रोप येत नाही. हा वाद ठाणे-कुलाब्याकडे इतका पेटला की १८८० च्या दशकात सरकारला त्यासाठी कमिशन बसवावे लागले.

आम्ही ही गोष्ट का सांगतो? कारण पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी राबाची रासायनिक तपासणी केली आणि १९१२ साली ती छापली. शेतकरी खरा की जंगल खाते खरे, याचा निकाल कचेरीत न लावता त्यांनी तो वाफ्यात आणि प्रयोगशाळेत शोधला. यांतले कानिटकर पुढे आपल्याच कामाला लागले. भारतातल्या कोरडवाहू शेतीवर त्यांचे पुस्तक १९४४ साली निघाले. म्हणजे जाळलेल्या काडीकचऱ्यात काय असते, हा प्रश्न या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. आज तो आपल्या पऱ्हाटीपाशी येऊन उभा राहिला आहे. फरक एवढाच, की आज त्या प्रश्नामागे पैसा आहे.

पऱ्हाटीला गिऱ्हाईक आले

वेचणी संपली की पऱ्हाट्यांचे काय करायचे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. थोड्या चुलीसाठी घरी येतात, थोड्या कुंपणाला लागतात, उरलेल्या बांधावर रचून ठेवतात किंवा पेटवून देतात. बांधावर रचून ठेवल्या तर त्यांतल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुखाने राहते आणि पुढच्या हंगामात परत शेतात येते. २०१७ साली तिने काय केले ते आपण विसरलेलो नाही. पेटवून दिल्या तर अळी मरते, पण पऱ्हाटीतला कार्बन आणि नत्र धुरावाटे जातात आणि मूठभर राख उरते.

तिसरा रस्ता कोळशाचा. पऱ्हाटी बंद भट्टीत किंवा ड्रममध्ये, हवा तोडून भाजली तर तिची राख होत नाही, कोळसा होतो. तोच जमिनीत घालायचा ठरला की त्याला बायोचार म्हणतात. आपल्या लोणाऱ्यांना ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने, म्हणजे क्रिडाने, तेलाच्या ड्रमपासून साधी भट्टी बनवून पऱ्हाटीचा बायोचार केला आणि २०१३ साली त्याचे गुणधर्म छापले. आपल्या पुण्यातल्या आरती या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या चुलीसाठी वापरल्या. त्या कामाला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

आता पैशाची बाजू ऐका. झाडाने हवेतून ओढलेला कार्बन कोळशात अडकतो. चांगला भाजलेला कोळसा मातीत शेकडो वर्षे कुजत नाही. म्हणून धूर सोडणाऱ्या बड्या कंपन्या म्हणतात, "तुम्ही कार्बन जमिनीत गाडा, आम्ही त्याचे पैसे देतो." जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टन कार्बन डायऑक्साइडचे असे क्रेडिट घेण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच कंपनीशी तीन वर्षांत एक लाख टनांहून जास्त क्रेडिटचा करार केला. त्यातला कच्चा माल कोणता? महाराष्ट्रातल्या पऱ्हाट्या.

हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या मालाला नवे गिऱ्हाईक मिळाले तर आपण तोंड का वाकडे करावे? पण गिऱ्हाईक दारात आले की शेतकऱ्याने पहिला प्रश्न विचारावा : माल मोजणार कोण? आणि कशाने?

डोळ्याला सगळा कोळसा काळाच

पारावर बसून दोन कोळसे हातात घेतले, तर एक अर्धा कच्चा आणि एक पुरा भाजलेला, हे लोणारी सांगायचा. पक्का कोळसा आपटला की खणखणीत वाजतो आणि कडकन मोडतो. कच्चा कोळसा हाताला चिकट काळे लावतो आणि त्याला डांबराचा वास येतो. ही परीक्षा खरी आहे, ती विसरू नका. पण लोणारीही हे सांगू शकणार नाही, की आत कार्बन किती, चुना किती, माती किती आणि कार्बन कोणत्या रूपात आहे. पैसे तर त्यावरच ठरतात.

तिथे प्रकाशाची परीक्षा लागते. तिला वर्णपटशास्त्र किंवा स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. नाव मोठे आहे, पण गोष्ट आपल्या चुलीपाशी रोज घडते. डाळ उतू गेली आणि मीठपाणी जाळात पडले की ज्योत एकदम पिवळी होते. सगळ्या बहिणींनी ते पाहिले आहे. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. पोटॅशियम जाळात गेले तर रंग फिका जांभळा येतो. अनेक मूलद्रव्ये जाळात आपापला रंग दाखवतात. हे १८६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी पक्के केले. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत पालाश मोजणारे ज्योतीचे यंत्र असते, ते याच तत्त्वावर चालते. म्हणजे तुमच्या मातीच्या अहवालात पालाशाचा जो आकडा येतो, तो ज्योतीच्या रंगावरून आलेला असतो.

दुसरा प्रकार न दिसणाऱ्या प्रकाशाचा. इंद्रधनुष्यात तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे डोळ्याला काही दिसत नाही. पण १८०० साली विल्यम हर्शेल यांनी तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. शेकोटीपुढे बसल्यावर तोंडाला जी धग लागते, ती बरीचशी याच प्रकाशाची. त्याला अवरक्त किरण म्हणतात.

हे किरण कोळशाला काय विचारतात? भजनी मंडळातला दाखला घ्या. दोन एकतारी एका सुरात लावून जवळ ठेवल्या आणि एक छेडली, तर दुसरी आपोआप थरथरते. सूर वेगळा असेल तर ती गप्प राहते. पदार्थातले अणू एकमेकांना जणू तारांनी बांधलेले असतात. कार्बनला हायड्रोजन बांधलेला असेल तर तारेचा सूर एक, ऑक्सिजन बांधलेला असेल तर दुसरा, कार्बनच्या सहा अणूंचे कडे झाले असेल तर तिसरा. यंत्र सगळ्या सुरांचे अवरक्त किरण कोळशातून पाठवते. ज्या सुराची तार आत आहे तो सूर कोळसा पिऊन टाकतो आणि कागदावर तिथे खड्डा पडतो. कोणत्या आकड्यापाशी खड्डा पडला ते पाहायचे आणि आत कोण बसला आहे ते ओळखायचे.

तीन ड्रम आणि एक फजिती

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागात आम्ही तीन ड्रम लावले. एकात पऱ्हाटी थोडा वेळ भाजली, दुसऱ्यात व्यवस्थित, तिसऱ्यात जाळ फार झाला. तिन्ही कोळसे कुटून, पुड्या बांधून एका प्रयोगशाळेत नेले. सोबत न भाजलेल्या पऱ्हाटीचा भुगाही दिला.

तिथल्या मुलीने आम्हाला शेजारी बसवून सगळे दाखवले. चिमटीहूनही कमी, मिलिग्रामभर कोळसा घ्यायचा, त्यात शंभर-दोनशे पट पोटॅशियम ब्रोमाइड नावाचे मीठ खलायचे आणि दाबून काचेसारखी टिकली करायची. नमुना आणि मीठ दोन्ही आधी वाळवावे लागतात. ओलावा राहिला तर कागदावर ३४०० च्या आसपास पाण्याचा मोठा खड्डा पडतो आणि तो कोळशाचाच आहे असे वाटते.

कच्च्या पऱ्हाटीच्या आलेखात २९०० पाशी कार्बन-हायड्रोजनचा आणि १०३० पाशी लाकडातल्या साखरेचा, म्हणजे सेल्युलोजचा, खड्डा दिसतो. भाजत जाल तसे हे दोन्ही बुजत जातात आणि १६०० पाशी दुसरा खड्डा वर येतो. तो कार्बनच्या कड्यांचा. सेल्युलोज म्हणजे मातीतल्या जिवाणूंचे जेवण, ते वर्षा-दोन वर्षांत कुजते. कडी कुजत नाहीत. म्हणजे १०३० बुजला आणि १६०० उरला, की कार्बन टिकाऊ झाला असे समजायचे. जाळ फार झालेला कोळसा इतका काळा होतो की तो सगळेच सूर पितो आणि आलेख सपाट पडतो. तिथे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला शोधलेला परिणाम कामाला येतो. लेझरचा प्रकाश कोळशावर टाकायचा आणि परत फेकल्या जाणाऱ्या प्रकाशात १३५० आणि १५८० पाशी उठणारे दोन उंचवटे पाहायचे. त्यांवरून कार्बनची कडी कितपत शिस्तीत बसली आहेत ते कळते.

आता फजिती ऐका. आमचा दुसऱ्या ड्रमचा कोळसा खणखणीत वाजत होता, हाताला काळे लावत नव्हता. तरी आलेखात १०३० पाशी मोठा खड्डा! मुलगी म्हणाली, "काका, हा अर्धा कच्चा दिसतोय." आम्ही म्हणालो, "शक्य नाही." वाद घालता घालता तिने विचारले, "पऱ्हाटी कशी काढली होती?" आम्ही म्हणालो, "मुळासकट उपटून." तिथेच उलगडा झाला. आपल्या काळ्या मातीच्या चिकणमातीत सिलिकॉन आणि ऑक्सिजनची जी तार असते, तिचा सूरही १०३० च्या जवळच असतो. मुळांना चिकटलेली माती आम्ही कोळशात भाजली होती. शिवाय १४३० आणि ८७५ पाशीही खड्डे होते. ते चुन्याचे. काही चुना पऱ्हाटीच्या राखेचा असतो, काही आपल्या रानातल्या चुनखडीचा.

चूक आमचीच होती. पुढच्या खेपेला मुळे झटकून, धुऊन, वाळवून भाजली आणि १०३० चा खड्डा बराच उथळ झाला. पण भावांनो, विचार करा. आम्ही शेजारी बसलो होतो म्हणून आमचे रान आणि आमची पऱ्हाटी कशी आहे ते सांगू शकलो. आम्ही तिथे नसतो तर कागदावर शेरा पडला असता : माल कच्चा. आणि बाजारात "माल कच्चा" या दोन शब्दांनी शेतकऱ्याचे किती पैसे कापले जातात, हे आपल्याला नवे नाही.

हिशेब

आपल्या कापसाचेच पाहा. कापसाचा धागा यंत्रावर तपासणारी प्रयोगशाळा मुंबईला माटुंग्यात १९२४ साली सुरू झाली. आज तिला सिरकॉट म्हणतात. गिरणी गाठ विकत घेते तेव्हा धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर यंत्रावर मोजून घेते. शेतकरी कापूस विकतो तेव्हा मात्र व्यापारी मुठीत धरतो, दोन बोटांनी ओढतो आणि भाव सांगतो. विज्ञान शंभर वर्षांपूर्वी आले, पण ते गाठीपाशी थांबले. ते आपल्या बैलगाडीपर्यंत आले नाही. कोळशाच्या बाबतीत हेच पुन्हा व्हायचे का?

आकडे घ्या. कार्बनच्या १२ भारापासून कार्बन डायऑक्साइडचा ४४ भार होतो. म्हणून एक किलो टिकाऊ कार्बन गाडला तर ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड अडवला असे धरतात. समजा, एक टन कोळशात ६०० किलो कार्बन निघाला. हिशेब झाला सुमारे २,२०० किलोंचा. तोच कोळसा मातीने मळला, किंवा मोजणाऱ्याने ४५० किलोच कार्बन धरला, तर हिशेब येतो सुमारे १,६५० किलोंचा. एका टनामागे साडेपाचशे किलोंचा फरक! वाहतूक आणि भट्टीचा खर्च यातून जायचाच आहे, तो वेगळा. पण फरकाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात किंवा कोणाच्या खिशात राहतात, ते मोजणाऱ्यावर ठरते. आणि ढोबळ मानाने चार टन वाळलेल्या पऱ्हाटीतून एक टन कोळसा निघतो, हेही लक्षात ठेवा. टनावारी पऱ्हाटीचा भाव सांगणाऱ्याला हा हिशेब आधीच पाठ असतो.

आणखी एक आकडा लिहून घ्या : ०.७. कोळशात हायड्रोजनचे अणू आणि सेंद्रिय कार्बनचे अणू यांचे प्रमाण ०.७ च्या वर गेले तर आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे तो बायोचार ठरत नाही. ते जितके कमी, तितका कोळसा टिकाऊ. हे प्रमाण अवरक्त आलेखावरून निघत नाही. त्यासाठी कोळसा पूर्ण जाळून, निघालेले वायू मोजणारे वेगळे यंत्र लागते. चुन्यातला कार्बन आम्लाने काढून टाकून मग मोजायचा असतो, नाहीतर आकडा फुगतो. म्हणजे आलेख सांगतो आत कोण कोण आहे, आणि दुसरे यंत्र सांगते किती आहे. दोन्ही कागद हातात असल्याशिवाय कोणी "तुमचा माल हलका" किंवा "आमचा माल भारी" म्हणाला, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्या जमिनीला काय?

दुसऱ्या टोकाला काही उत्साही मंडळी आहेत. त्यांचे म्हणणे, बायोचार टाका आणि खताची गोणी विसरा. तिथेही आलेख आपल्याला सावध करतो. कोळसा हे खत नाही. भाजताना बराचसा नत्र उडून जातो आणि जो राहतो तो कड्यांत असा अडकतो की पिकाला लवकर मिळत नाही. पालाश, स्फुरद आणि चुना मात्र राखेबरोबर राहतात. कोरा कोळसा थेट टाकला तर तो सुरुवातीला जमिनीतलाच नत्र धरून बसू शकतो. म्हणून तो शेणकाल्यात, गोमूत्रात किंवा खताच्या खड्ड्यात मुरवून मगच टाकावा.

त्याहून मोठी गोष्ट सामूची. कोळशातली राख विम्ल असते. जगात जिथे बायोचारने पीक चांगले वाढले, त्या बऱ्याचशा जमिनी आम्लधर्मी, पावसाने धुतलेल्या, तांबड्या आहेत. इथल्या डोंगराकडच्या भातजमिनीशी त्यांचे नाते आहे. आपली काळी, चुनखडीची रेगूर तर आधीच विम्ल. तिच्यात आणखी राख ओतली तर जस्त आणि लोह पिकाला मिळणे अवघड होऊ शकते. भारी काळ्या रानात पाणी धरायला कोळशाची गरजही फारशी नाही, ती माती स्वतःच पाणी धरते. हलकी, बरड, मुरमाड जमीन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोळशाच्या भोकांत पाणी थांबते आणि पावसाच्या खंडात ज्वारीला चार दिवस जास्तीचे मिळण्याची आशा ठेवता येते. पण आशेवर पेरणी करू नका. आपल्याच रानात दोन पट्टे आखा, एकात मुरवलेला कोळसा टाका, दुसरा तसाच ठेवा. दोन हंगाम वजन करा. आणि त्याआधी घरी एका ताटलीत कोळसा मिसळलेली माती घेऊन त्यात मोजून वीस दाणे ज्वारी टोचा. दुसऱ्या ताटलीत नुसत्या मातीत वीस दाणे. कोळशात डांबर राहिले असेल तर उगवणच सांगेल.

चूल आणि दावण

आता मायबहिणींची बाजू. पऱ्हाटी वाया जाते असे कागदावर लिहिले जाते. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत स्वयंपाक तिच्यावरच होतो. ती सगळी उचलून नेली तर चुलीत काय घालायचे? सिलिंडरचा खर्च कोण देणार? पऱ्हाटीचा भाव ठरवताना चुलीचा हिस्सा आधी बाजूला काढा, उरेल ती विका. आणि ज्वारीच्या कडब्याला तर हातच लावू द्यायचा नाही. कडबा हा कचरा नव्हे, तो दावणीचा घास आहे. गुरे उपाशी ठेवून कार्बन गाडण्याचा धंदा आपल्याला परवडणार नाही.

मग करायचे काय?

आम्ही चार गोष्टी सुचवतो. जिल्ह्या-जिल्ह्यांत त्यांवर चर्चा करावी.

पहिली : नमुना आपल्या समोर निघाला पाहिजे. खत निरीक्षक दुकानातून खताचा नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करून सील करतो. तसेच इथे व्हावे. एक भाग घेणाऱ्याकडे, एक आपल्याकडे, एक सीलबंद तिसऱ्याकडे. वाद झाला तर तो फुटेल.

दुसरी : अहवाल मराठीत आणि पुरा मिळाला पाहिजे. नुसता शेरा चालणार नाही. सेंद्रिय कार्बन वेगळा, चुन्याचा कार्बन वेगळा, हायड्रोजनचे प्रमाण, राख, सामू, ओलावा आणि आलेखाची प्रत, एवढे त्यात हवे.

तिसरी : कार्बनचा हक्क कोणाचा, हे सही करण्याआधी वाचा. आमच्या भागात एक छापील कागद फिरत होता. त्यात शेत फुकट साफ करून देऊ, असे मोठ्या अक्षरात होते आणि पऱ्हाटीपासून मिळणाऱ्या सर्व लाभांवर शेतकऱ्याचा दावा राहणार नाही, असे बारीक अक्षरात. तो कागद कोणाचा होता याला महत्त्व नाही. तो कोणाचाही असू शकतो. महत्त्व याला आहे, की बऱ्याच जणांनी त्यावर अंगठा उमटवला होता.

चौथी : मोजायला शिकलेली आपली माणसे हवीत. या महाळुंग्याहून बाणेरची टेकडी ओलांडली की पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० पासून. तिच्या शेजारी आयसर ही विज्ञानाची संस्था आहे. आपल्याकडे अकोल्याला आणि परभणीला कृषी विद्यापीठे आहेत. अवरक्त आलेख काढणारे यंत्र आता दुर्मीळ राहिलेले नाही, रसायनशास्त्राच्या चांगल्या विभागांत ते असते. शेतकऱ्याचा नमुना ठरलेल्या रास्त फीमध्ये तपासून मिळावा, ही मागणी विद्यापीठांकडे जिल्हावार लेखी करायची. आणि बी.एस्सी. झालेली आपली मुले-मुली गावोगाव आहेत. त्यांतली दोन प्रत्येक जिल्ह्यातून निवडा. त्यांना हे आलेख वाचता आले पाहिजेत. आम्हाला वयाच्या या टप्प्यावर एका दुपारात १०३० आणि १६०० कळले. त्यांना का कळणार नाही?

शंभर वर्षांपूर्वी या भागातल्या शेतकऱ्याचा राब अडाणीपणाचा आहे, असे न मोजताच ठरवले गेले. मोजायला माणसे बसली ती नंतर. आपल्या पऱ्हाटीचे तसे होऊ देऊ नका. यंत्र परके नाही. प्रकाश कोणाची जात पाहत नाही, कंपनीचा शिक्का पाहत नाही. आत जे आहे तेच तो दाखवतो. फक्त तो कागद वाचणारा आपल्या बाजूचाही एक माणूस टेबलाशी बसलेला हवा.

येत्या हंगामात वेचणी संपली की प्रत्येक जिल्ह्याने किमान एक ड्रम लावावा. मुळांची माती मात्र झटका, धुवा, आमची फजिती तुमची होऊ देऊ नका. नमुने आणि आलेख घेऊन पुढच्या बैठकीला या. तेव्हा भाषण आम्ही करणार नाही, तुम्ही करायचे.